रहिवासी संघ, शहराचं नियोजन आणि वस्तीची सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रहिवासी संघाचं चिटणीसपद सांभाळायला लागल्यापासून हे प्रश्न मला सतत विचारले जातात. कधी बैठक संपल्यावर जिन्यात, कधी फोनवर, कधी रस्त्यात थांबवून. काहींची उत्तरं कळायला मलाच बरीच वर्षं लागली, म्हणून ती इथे सविस्तर दिली आहेत. काही एका ओळीत आटोपली आहेत.

तक्रार तर आम्ही एकेकटेही करू शकतो. मग संघ कशाला?

एकेकट्याने तक्रार जरूर करा, ती थांबवू नका. पण एकट्याच्या तक्रारीचा निपटारा होतो आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो. खड्डा बुजतो, पण तो दर पावसात त्याच जागी का पडतो हे कुणी विचारत नाही. संघाकडे चार पावसाळ्यांच्या तारीखवार नोंदी असल्या की लक्षात येतं, खालची जलवाहिनी गळते आहे किंवा रस्त्याचा उतारच चुकला आहे. मग तो विषय डागडुजीचा उरत नाही, नियोजनाचा होतो.

पालिकेकडे नकाशे असतात, अभियंते असतात, अंदाजपत्रक असतं. वस्तीकडे यातलं काही नसतं. पण वस्ती तिथे रोज असते, सकाळी सहालाही आणि रात्री अकरालाही. हे रोजचं पाहणं कागदावर उतरवायचं आणि निर्णय होण्याआधी योग्य टेबलावर पोचवायचं, हे संघाचं काम. यातल्या ‘आधी’ या शब्दावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. का, ते पुढे येईलच.

नियोजन हा नगररचना विभागाचा विषय आणि सुरक्षितता पोलिसांची. संघाने दोन्हीत का पडावं?

कार्यालयात हे दोन विषय दोन वेगळ्या मजल्यांवर असतात. रस्त्यावर ते एकच असतात.

एक उदाहरण घ्या. रस्त्याच्या एका बाजूला लांबच लांब आंधळी भिंत बांधायची की दारं-खिडक्या ठेवायच्या, हा बांधकाम परवानगीतला मुद्दा. पण रात्री त्या रस्त्याने एकटी बाई चालू शकेल का, हे त्याच भिंतीवर ठरतं. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये हाच विचार मांडला होता: दुकानदार, खिडकीत बसलेली माणसं, येणारे-जाणारे यांची नजर रस्त्यावर असते, तेव्हा तो रस्ता आपोआप राखला जातो. नियोजक नसलेली ही लेखिका न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या रस्त्याकडे बघून हे सांगत होती.

पुढे मोजमापंही झाली. न्यूयॉर्कमध्येच २०१६ मध्ये काही सरकारी वसाहतींत जादा दिव्यांचे मनोरे उभे केले. त्या वसाहती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या होत्या, म्हणजे तुलना चोख होती. तिथे रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंडांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींवरचा कचरा उचलला, हिरवळ आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. गरीब वस्त्यांतल्या अशा भूखंडांच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. यात कुठे जादा पोलीस नव्हते. झाडलोट आणि देखभाल होती.

आणि सुरक्षितता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त चोर येतो. जगात दरवर्षी सुमारे १२ लाख माणसं रस्ते अपघातांत मरतात. वस्तीतल्या वाहनांचा सरासरी वेग पाच टक्क्यांनी जरी उतरला, तरी जीवघेणे अपघात सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेग कशाने उतरतो? अरुंद वळणाने, गतिरोधकाने, उंच केलेल्या पादचारी मार्गाने. म्हणजे पुन्हा रस्त्याच्या आराखड्यानेच.

आराखड्यावर आपलं म्हणणं कधी मांडायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या खूप आधी.

कायदे जागोजागी वेगळे, पण क्रम साधारण सारखा असतो. आधी जमिनीच्या सध्याच्या वापराची पाहणी होते. मग प्रारूप आराखडा तयार होतो, तो प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि शेवटी मंजुरी. बहुतेक संघ जागे होतात ते सुनावणीच्या वेळी. तोवर नकाशावरची रेघ पक्की झालेली असते, तिच्याभोवती दहा हिशेब मांडून झालेले असतात आणि ती हलवायची म्हणजे सगळंच हलवायचं. पाहणीच्या टप्प्यावर मात्र रेघ अजून पेन्सिलीतली असते. ‘या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी साठ मुलं खेळतात, कृपया नोंद घ्यावी’ असं एक पत्र तेव्हा जेवढं काम करतं, तेवढं नंतर मोर्चाही करत नाही.

उशिरा जागं होऊनही जिंकलेल्या लढाया आहेत, हे खरं. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून मोठा रस्ता काढायचा घाट घातला गेला तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी, त्यातही मुलांच्या आयांनी, वर्षानुवर्षं झगडून १९५८ मध्ये उलट बागेतली वाहतूकच बंद करून घेतली. अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये माउंट हूड महामार्गासाठी शेकडो घरं पाडली जाणार होती. १९७४ मध्ये शहराने तो प्रकल्प सोडून दिला, त्याचा पैसा सार्वजनिक वाहतुकीकडे वळला आणि १९८६ मध्ये शहरात ट्रामसारखी हलकी रेल्वे धावली. त्याच १९७४ साली त्या शहराने वस्तीसंघांसाठी पालिकेत स्वतंत्र कार्यालय उघडलं. पण या लढायांना वर्षं लागली, माणसं थकली. आधी पोचणं फार स्वस्त पडतं.

हरकत लिहायची कशी? आमची निवेदनं नुसती दप्तरी दाखल होतात.

आमचीही व्हायची. शाळेजवळच्या चौकाबद्दल आमचं पहिलं निवेदन असं होतं: ‘सदर सिग्नलची वेळ अत्यंत अपुरी असून नागरिकांमध्ये तीव्र असंतोष आहे, तरी तातडीने कार्यवाही व्हावी.’ आवक क्रमांक मिळाला. पुढे काही नाही. दुसरं निवेदनही तसंच लिहिलं आणि तसंच गेलं.

मग आमच्यातले दोघे सलग तीन सकाळी तिथे घड्याळ लावून उभे राहिले. रस्ता कडेपासून कडेपर्यंत १८ मीटर. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा १५ सेकंद. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाला हे बरोबर पुरतं आणि अनेक ठिकाणी सिग्नल बसवताना हाच वेग धरतात. पण काठी घेतलेले एक आजोबा रोज साडेसातला नातीला शाळेत सोडायला यायचे. त्यांना २३ सेकंद लागत होते. पंधराव्या सेकंदाला ते मध्यरेषेच्या जरा पुढे असायचे. तिथे ते थांबायचे, नातीला स्वतःच्या मागे घ्यायचे आणि सुटलेल्या गाड्यांना हात दाखवत उरलेला रस्ता ओलांडायचे. तीनही दिवस, अगदी तसंच.

तिसरं निवेदन अर्ध्या पानाचं होतं. त्यात रुंदी, सेकंद, तीन दिवसांच्या नोंदी आणि एकच मागणी: हिरवा दिवा २४ सेकंद करावा. सोबत हाताने काढलेला चौकाचा नकाशा. संबंधित अभियंता स्वतः येऊन मोजून गेला. चार महिन्यांनी वेळ बदलली.

तेव्हापासून आमचा शिरस्ता असा: एका पत्रात एकच मागणी. जागा अशी सांगायची की अनोळखी माणूस सरळ तिथे जाऊन उभा राहील. विशेषणं कमी, मोजमापं जास्त. पर्याय सुचवायचा, नुसता विरोध नोंदवायचा नाही. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

वस्तीत रात्रीची गस्त सुरू करावी का?

हा प्रश्न बहुधा एखादी चोरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो आणि तेव्हा सगळ्यांचं रक्त तापलेलं असतं. म्हणून माझं पहिलं उत्तर असतं: आज ठरवू नका.

गस्त घालणारा शेजारी फक्त पाहतो, नोंद करतो आणि पोलिसांना कळवतो. तो अडवत नाही, झडती घेत नाही, पाठलाग करत नाही, हातात काही बाळगत नाही. ही मर्यादा सुटली की काय होतं हे अमेरिकेतल्या सॅनफर्डमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये दिसलं. शेजारपहाऱ्याच्या स्वयंसेवकाने १७ वर्षांच्या एका निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाचा संशयावरून पाठलाग केला आणि झटापटीत त्याला गोळी घातली. तो मुलगा दुकानातून परत चालला होता. ‘संशयित’ हा शब्द संघाच्या संदेशांतून काढूनच टाका, असं मी म्हणते. माणसाचं वर्णन नको, घटनेचं करा: कुणी कुलूप फोडत होतं, कुणी दारं ढकलून पाहत होतं. कुणाचे कपडे, बोली किंवा तोंडवळा ही घटना नसते.

मुळात गस्तीपेक्षा ओळख जास्त राखण करते. शिकागोत समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४३ वस्तीगटांतल्या ८,७८२ रहिवाशांशी बोलून १९९७ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा हाच होता. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असतो आणि गरज पडली तर कुणीतरी पुढे येईल अशी खात्री असते, तिथे गरिबीसारख्या गोष्टी हिशेबात धरूनही हिंसा कमी असते. पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर बसली तर कुणी त्यांना हटकेल का, असे अगदी साधे प्रश्न त्यांनी विचारले होते. तेव्हा गस्तीचं वेळापत्रक लावण्याआधी एक करून बघा: आपल्या मजल्यावरच्या किती घरांतल्या माणसांची नावं आपल्याला माहीत आहेत, ते मोजा.

कॅमेरे बसवले तर?

वाहनतळावर चांगला उपयोग होतो, रस्त्यावर बेताचा. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये निघाला, त्यात गुन्ह्यांत सरासरी १३ टक्के घट आढळली. कॅमेऱ्यांसाठी वर्गणी काढण्याआधी बंद पडलेले दिवे मोजा. आणि कॅमेरा बसवलाच, तर चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार हे लेखी ठरवा. नाहीतर शेजाऱ्यांवर पाळत ठेवायचं ते साधन होतं आणि एकदा गेलेला विश्वास परत येत नाही.

पोलिसांशी संबंध कसे ठेवावेत?

नियमित आणि शांततेच्या काळात. अधिकाऱ्याला तुम्ही पहिल्यांदा भेटता ती रात्रच दंगलीची असेल, तर फार उशीर झाला.

भिवंडीचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतली साधी माणसं, त्याच मोहल्ल्यातली, ठरावीक पोलिसासोबत नियमित बसायची आणि नळाच्या भांडणापासून सगळं तिथे बोललं जायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. लहानसहान तंटे मिटवता मिटवता माणसं एकमेकांना नावाने ओळखायला लागली होती, हे त्या समित्यांचं खरं कमावलेलं.

शिकागोने १९९३ पासून हाच मार्ग वेगळ्या पद्धतीने धरला: प्रत्येक बीटचे पोलीस आणि तिथले रहिवासी यांची ठराविक काळाने उघडी बैठक. अशा बैठकीत संघाने दोन गोष्टी पाळाव्यात. मागच्या वेळी काय ठरलं होतं ते आधी वाचून दाखवावं. आणि पोलिसांकडून चूक झाली असेल तर तीही तिथेच, समोर, सभ्य शब्दांत मांडावी. नुसत्या हारतुऱ्यांच्या बैठकांना पुढे कुणी येत नाही.

आम्हाला सुनावणीला बोलावतात, पण ठरलेलं आधीच असतं. मग जायचं कशाला?

ही तक्रार खरी आहे. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचं नुसतं नाव असतं, मधल्या तीनवर माहिती देणं, विचारणं आणि समजूत काढणं, आणि वरच्या तीनवर लोकांच्या हातात खरंच काही अधिकार येतो. आपली बैठक कुठल्या पायरीवर आहे हे तिथेच विचारावं: ‘आमच्या सूचनेमुळे यात काय बदलू शकतं?’ उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. नोंदवलेलं ‘काहीच नाही’ पुढे अपिलात कामाला येतं.

वरच्या पायऱ्या नुसत्या कागदावर नाहीत. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये अंदाजपत्रकातला विकासकामांचा भाग नागरिकांपुढे ठेवला. विभागवार सभांत लोक आधी काय हवं ते ठरवत: पाणी, सांडपाणी, रस्ता, शाळा. गरीब विभागांना जास्त वजन मिळेल अशी गुणपद्धत होती. जगातल्या अनेक शहरांनी ती पद्धत पुढे उचलली. त्या सभांना लोक का जात? मागच्या वर्षी मागितलेली गटारवाहिनी यंदा रस्त्यात पुरलेली दिसायची.

आमचा संघ खरंच सगळ्या वस्तीच्या वतीने बोलतो का?

बहुधा नाही. आणि हा प्रश्न संघाने स्वतःला दरवर्षी विचारायला हवा.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ९७ गावा-शहरांच्या बैठकांची इतिवृत्तं बॉस्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासली. घरबांधणीवर बोलायला उठणारे तिथल्या सर्वसाधारण मतदारांपेक्षा वयाने मोठे, जास्त करून पुरुष, घरमालक आणि जुने रहिवासी होते आणि त्यांतले बहुतेक नव्या घरांच्या विरोधात होते. भाडेकरू, नुकतेच राहायला आलेले यांचा आवाज तिथे फार कमी पोचत होता.

आमच्याकडून यात एक चूक झाली, ती सांगते. कोपऱ्यावर बसथांबा आणि बाकडं येणार होतं. ‘गर्दी होईल, बाहेरचे लोक बसून राहतील’ म्हणून आमच्या संघाने एकमताने विरोध नोंदवला. थांबा पुढच्या चौकात गेला. काही महिन्यांनी आमच्याच इमारतींत काम करणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, ‘ताई, तो थांबा तुम्ही लोकांनी घालवला का? रात्री आठला तिथपर्यंत अंधारातनं चालत जावं लागतं.’ त्या बैठकीत एकमत होतं, कारण त्यांना आम्ही बोलावलंच नव्हतं. थांबा परत आणायला दीड वर्ष लागलं.

आता आम्ही तीन गोष्टी करतो. दोन वेगळ्या वेळी बैठक ठेवतो, एक रविवारी सकाळी आणि एक रात्री. भाडेकरूला मालकाइतकंच मत देतो. आणि वस्तीत राहत नसले तरी रोज इथे काम करणाऱ्यांना, म्हणजे सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, रखवालदार, विक्रेते यांना, त्यांच्याशी संबंधित विषयावर आधी विचारतो. ठरावावर मतभेद असले तर पत्रात तेही लिहितो. ‘४१ जण बाजूने, १७ विरोधात’ असं पत्र खोट्या एकमतापेक्षा जास्त गांभीर्याने वाचलं जातं, असा माझा अनुभव आहे.

म्हणजे नव्या इमारतीला विरोध करायचाच नाही?

करा, पण कशाला ते नेमकं सांगा. बंब वळायला जागा उरत नसेल, सांडपाण्याची वाहिनी पुरणार नसेल, तर तो मुद्दा आहे. ‘कसले लोक राहायला येतील’ हा मुद्दा होऊ शकत नाही.

आपत्तीच्या वेळी संघाचा उपयोग होतो का?

बचाव पथक पोचेपर्यंतचे पहिले तास शेजाऱ्यांचेच असतात. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला, ६,४०० हून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्यातून जे जिवंत निघाले त्यांतल्या बहुसंख्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढलं होतं. त्याच शहरातल्या मानो वस्तीतले रहिवासी १९६० च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध आणि पुढे वस्तीच्या आराखड्यासाठी एकत्र काम करत आले होते. आग लागली तेव्हा त्यांनी बादल्यांची साखळी धरली आणि ती पसरू दिली नाही. एकमेकांना ते आधीपासून ओळखत होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. शेजारशेजारच्या दोन वस्त्या, दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. एकीत लाखामागे ४० मृत्यू, दुसरीत ४. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी फरक शोधला. दुसऱ्या वस्तीतले रस्ते गजबजलेले होते, दुकानं उघडी होती. म्हातारी माणसं घराबाहेर पडायची आणि कुणी दिसलं नाही तर लोक चौकशी करायचे.

म्हणून संघाकडे एक यादी हवी: एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, अपंग, तान्ही बाळं असलेली घरं. प्रत्येकामागे दोन शेजारी नेमलेले. यादी संमतीने करायची, भिंतीवर लावायची नाही आणि दर सहा महिन्यांनी तपासायची. हे काम दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही. मला ते संघाचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

राजकीय पक्षांपासून दूर राहावं का?

पक्षापासून दूर, लोकप्रतिनिधीपासून नाही. जो निवडून येईल त्याच्याकडे तीच यादी घेऊन जायचं.

नोंदणी आवश्यक आहे का?

पत्र लिहायला नाही. पैसे गोळा करायचे असतील, करार करायचे असतील किंवा न्यायालयात जायचं असेल, तर नोंदणी करून घ्या. नियमावली छोटी ठेवा. पदाची मुदत, निवडणूक आणि हिशेबतपासणी एवढं तरी तिच्यात असू द्या.

कार्यकारिणी बदलली की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. काय करावं?

कागद सांभाळावेत. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमच्या आधीचे एक पदाधिकारी घर बदलून गेले तेव्हा संघाची सगळी पत्रं त्यांच्यासोबत गेली आणि सापडली नाहीत. पावसाळी गटाराच्या रुंदीकरणाला जुनी मान्यता होती, ती सिद्ध करायला आमच्याकडे साधा आवक क्रमांक नव्हता. त्यात दोन वर्षं गेली.

आता एक जाड वही आहे. डावीकडे तारीख आणि विषय, उजवीकडे आवक क्रमांक, पत्र स्वीकारणाऱ्याचं पदनाम आणि पुढची तारीख. प्रत्येक पत्राची छायाप्रत दोन घरांत, फोटो तीन जणांच्या फोनमध्ये. पद सोडताना नव्या चिटणिसाला सोबत घेऊन प्रत्येक कार्यालयात एकदा जायचं आणि तिथल्या माणसांशी ओळख करून द्यायची. मागच्या आठवड्यात मी आमच्या होणाऱ्या चिटणिसाला घेऊन त्या शाळेजवळच्या चौकातही गेले. त्याने घड्याळ लावलं. चोवीस सेकंद भरले, तेव्हा पलीकडच्या पदपथावर एक आजी पिशवी खाली ठेवून श्वास घेत उभ्या होत्या. वहीत आम्ही तारीख लिहिली आणि पुढे ‘तपासलं, ठीक’.